कदाचित मॅडम

आमच्या मॅडमना काहीही विचारलं तरी उत्तराची सुरुवात ‘कदाचित’नं व्हायची. उद्या जादा तास आहे का? कदाचित. हे गणित परीक्षेला येईल का? कदाचित. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं आणि “नक्की यायचं हं मॅडम” म्हणालं, की त्या पत्रिका दोन्ही हातांनी घ्यायच्या आणि हसून म्हणायच्या, “कदाचित येईन.” समोरचा माणूस खट्टू होऊन जायचा, आणि लग्नाच्या दिवशी पहिल्या पंगतीच्याही आधी मॅडम मांडवात हजर असायच्या. कॉलेजचे शिपाई तानाजीमामा म्हणायचे, “आमच्या मॅडमला इचारलं, डबा खाल्ला का, तरी म्हणत्यात कदाचित.” अकरावीत नव्या आलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या नावाआधी हेच नाव कळायचं. कदाचित मॅडम. एकदा कुणीतरी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. मॅडमनी पुसलं नाही. त्यापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं आणि शिकवायला सुरुवात केली.

नारायणगावच्या बाजूला आमचं ज्युनिअर कॉलेज होतं. तिथे त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. राहायला मंचरला. त्यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन मंचरच्या पेठेत स्थिरावले होते, तेव्हापासूनचं कापडाचं दुकान. घरात आईशी मारवाडी आणि उंबऱ्याबाहेर आमच्यासारखंच मराठी. पुण्याला जाऊन एम.एस्सी. केलेली, लग्न न केलेली, रोज स्कूटीवरून येणारी बाई म्हणजे आमच्याकडे बोलायला चांगला विषय होता, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. सुट्टीच्या दिवशी त्या दुकानात बसायच्या. तिथे एखाद्या गिऱ्हाइकानं “ताई, धुतल्यावर आटणार न्हाई ना?” असं विचारलं, की त्यांचा भाऊ हातातलं ठाण टाकून लगबगीनं पुढे यायचा. बहीण काय उत्तर देणार हे त्याला माहीत होतं.

त्यांना काही ठाम सांगता येत नाही असं नव्हतं. माझ्यासारखीच्या डोक्यात हे शिरायला वर्ष गेलं. एकदा त्या म्हणाल्या, “कदाचित म्हणजे मला माहीत नाही असं नाही गं. कदाचित म्हणजे जेवढं माहीत असू शकतं, तेवढं मी सांगितलं.” मग त्यांनी किरणोत्सर्गी अणूची गोष्ट सांगितली. असे लाखो अणू घेतले तर त्यांतले निम्मे कधीपर्यंत फुटतील हे अगदी बिनचूक सांगता येतं. पण त्यांतला हा एक अणू कधी फुटेल, हे जगात कुणालाही सांगता येत नाही. आपल्याला कळत नाही म्हणून नव्हे. त्या अणूच्या आतच तसं काही लिहिलेलं नसतं. तो म्हातारा होत नाही, थकत नाही. हजार वर्षं वाट पाहिलेला अणू आणि आत्ता जन्मलेला अणू, पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता दोघांची सारखीच. “का फुटला, तर काही कारण नाही. फुटला.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की आपल्या घरातल्या कुणाचं तरी कौतुक सांगताहेत.

पाठ्यपुस्तकात जे दोन पानांत उरकलेलं असायचं, त्याला त्या आठवडा लावायच्या. खोलीच्या खिडक्यांना दुकानातलं काळं अस्तर लावून अंधार करायचा, आणि लेझरच्या समोर कुणाच्या तरी डोक्यातला एक केस धरायचा. भिंतीवर केसाची सावली पडायला हवी. तिथे उमटायची प्रकाश आणि अंधार यांच्या पट्ट्यांची रांगच्या रांग. प्रकाश लाटेसारखा वागतो तो असा. आणि मग त्या सांगायच्या, की हाच प्रकाश अगदी मंद केला, एका वेळी एकच कण सोडला, तरी हळूहळू त्याच पट्ट्या तयार होतात. “मग तो एकटा कण केसाच्या कुठल्या बाजूनं गेला?” आम्ही म्हणायचो डावीकडून, उजवीकडून. त्या मान हलवायच्या. “आपण पाहिलं नाही, तोवर ‘अमुक बाजूनं गेला’ हे वाक्यच खरं नाही.” मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “मॅडम, मंग हजेरी बी तशीच धरा राव, तुमी पाह्यलं न्हाई तोवर आमी गैरहजर न्हाई.” मॅडम इतक्या हसल्या, की तास तिथेच संपला.

लेण्याद्रीला सहल नेली होती तेव्हाची गोष्ट. पायऱ्या चढून सगळे गणपतीच्या दर्शनाला गेले. मॅडम त्या मोठ्या गुहेत मधोमध उभ्या राहून छताकडे बघत होत्या. आत एकही खांब नाही आणि वर सगळा डोंगर. त्या आम्हाला सांगू लागल्या, की आकाशातून म्यूऑन नावाचे कण सारखे पडत असतात. वर खूप उंचावर जन्मतात, क्षणाचाही फार छोटा तुकडा एवढंच त्यांचं आयुष्य असतं, पण ते इतक्या वेगानं येतात की त्यांचा काळ आपल्या मानानं हळू चालतो, आणि म्हणून ते जमिनीपर्यंत पोचतात. आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक जातो. “इथे मात्र कमी येत असतील,” त्या म्हणाल्या. शेजारी उभे असलेले पुजारी म्हणाले, “कोण कमी येतं मॅडम? चतुर्थीला येऊन बघा, पाय ठेवाया जागा नसती.”

ते कण आम्हाला दाखवायचेच असं त्यांनी मनावर घेतलं. माशांची एक जुनी काचेची पेटी त्यांनी मिळवली. आत वर स्पंजाला स्पिरिट लावायचं आणि पेटी पालथी करून बर्फगार पत्र्यावर ठेवायची. पत्र्याखाली कोरडा बर्फ लागायचा. तो पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात एसटीनं यायचा आणि साठवून ठेवता यायचा नाही, हवेतच उडून जायचा. म्हणून ज्या दिवशी बर्फ येई, त्या दिवशी तो संपेपर्यंत आम्ही थांबत असू. कॉलेजच्या मागे एक अडगळीची खोली होती, तिथे. अंधारात टॉर्चच्या उजेडात पेटीच्या तळाशी धुकं दिसायचं, आणि त्या धुक्यातून एकदम एक पांढरी बारीक रेघ ओढली जायची आणि विरून जायची. कुठूनतरी आलेला एक कण तिथून गेलेला असायचा. जन्मात इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. आम्ही पाच मुली त्या पेटीभोवती गुडघे टेकून बसायचो. मॅडम आमच्यामागे उभ्या असायच्या. रेघ उमटली की कुणी ओरडायचं नाही, अशी काही सूचना नव्हती, पण कुणी ओरडत नसे.

बारावीच्या डिसेंबरात अशाच एका संध्याकाळी आम्हाला उशीर झाला. बर्फ थोडा उरला होता आणि रेघा छान दिसत होत्या. निघालो तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. पिंपळवंडीच्या अलीकडे माझी मैत्रीण तिच्या वस्तीकडे वळली. पुढचा रस्ता दोन्ही बाजूंनी ऊस. मी सायकलवर होते. उसात काहीतरी सळसळलं एवढंच ऐकू आलं, आणि मी खाली पडले होते. बिबट्यानं माझा डावा खांदा धरला होता. मला दुखल्याचं आठवत नाही, त्याच्या तोंडाचा वास आठवतो. मागून मोटरसायकलवर एक दूधवाला येत होता. त्यानं गाडीचा दिवा रोखला, हॉर्न दाबून धरला आणि किटल्या वाजवल्या. बिबट्या सोडून गेला.

पुण्याच्या हॉस्पिटलात माझ्या हाताची दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला, दोन बोटं कायमची ताठ राहिली. मॅडम रोज यायच्या. मंचरहून कांदा-लसूण नसलेला डबा आणायच्या, माझ्या उशाशी ठेवायच्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. माझी आई त्यांच्याशी बोलायची नाही. डबाही आई उघडायची नाही, मावशी उघडायची. माझ्या वडिलांना ते बघवेना. ते एक दिवस मॅडमसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, बिबट्या तुमी पाळला व्हता का?”

“नाही, पण—”

“मंग झालं तर. आमच्या उसात त्यो ऱ्हातो, आमाला ठावं व्हतं. आमीच पोरीला आणाया याया पायजे व्हतं.”

“मुलींना मी थांबवलं, अण्णा,” मॅडम म्हणाल्या. “दोष माझाच आहे. नक्की.”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

गावात बोलणं झालंच. कुणा पालकांनी कॉलेजात जाऊन विचारलं, की पोरींना अंधारात कोंडून काय शिकवता. अडगळीच्या खोलीला कुलूप लागलं. ते लावा असं मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. तानाजीमामांकडून किल्ली घेऊन त्यांनी स्वतः लावलं. जादा तास बंद झाले. आणि मॅडमना एक नवी सवय लागली. कॉलेज सुटलं की त्या फाटकाशी उभ्या राहायच्या, शेवटची मुलगी एसटीत बसेपर्यंत. ज्या मुली सायकलवर जायच्या, त्यांच्यामागे मॅडमची स्कूटी. मंचर एका दिशेला आणि त्या जायच्या विरुद्ध दिशेला, मुलींच्या वेगानं, वस्ती येईपर्यंत. मुली वैतागायच्या. वाटेत थांबून भेळ खायची सोय राहिली नव्हती. पुढे कितीतरी वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्यांनी हे केलं असं मला नंतरच्या मुलींनी सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. त्या मुलींना मॅडमची स्कूटी माहीत होती, धुक्यातली रेघ माहीत नव्हती. ती त्यांना दिसली नाही याचं कारण मी होते.

वर्ष बुडवून मी पुन्हा बारावीला बसले, तेव्हा मॅडमनी किरणोत्सर्गाचा पाठ घेतला. सगळं पूर्वीसारखं शिकवलं, फक्त ‘काही कारण नाही’ हे वाक्य गाळलं. मी मागोमाग स्टाफरूममध्ये गेले आणि तसं म्हटलं. त्या वह्या तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “परीक्षेला विचारत नाहीत.”

“मॅडम, काही गोष्टी नुसत्या होतात. तुम्हीच शिकवलंत.”

“अणूच्या होतात.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “अणू कुणाला थांबा म्हणत नाही. मी म्हटलं होतं, अजून पाच मिनिटं थांबा.”

“तुम्ही नाही म्हटलं. आम्हीच मागे लागलो होतो.”

“मी म्हटलं होतं.”

“कदाचित म्हणाला असाल,” मी म्हटलं. त्यांचाच शब्द वापरल्यावर त्या हसतील असं मला वाटलं होतं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हे शास्त्र मी आयुष्यभर शिकवलं, ते स्वतःला सोडवून घ्यायला नाही.”

मी इतर चौघींनाही विचारून पाहिलं. एक म्हणाली, मॅडम म्हणाल्या होत्या. दुसरी म्हणाली, आपणच हट्ट केला. बाकीच्या दोघींना आठवत नव्हतं. खरं काय झालं ते आता कळण्याची काही सोय नाही.

मी पुढे बी.एस्सी. केलं, मग हॉस्पिटलांतल्या किरणोत्सर्गी तपासण्यांचं शिक्षण घेतलं, आणि पुण्यात नोकरीला लागले. आमच्याकडे कॅन्सरच्या रुग्णांचं स्कॅन होतं. रुग्णाला किरणोत्सर्गी साखर टोचतात. गाठीला साखरेची भूक जास्त, म्हणून ती साखर गाठीत जाऊन साठते. त्या साखरेतले अणू फुटतात तेव्हा त्यांतून पॉझिट्रॉन निघतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. तो बाहेर पडताच शेजारच्या एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. उरतात ते दोन विरुद्ध दिशांना पळणारे किरण. मशीन ते पकडतं आणि शरीरात गाठ कुठे आहे ते दाखवतं. मॅडमनी बारावीला प्रतिकण शिकवला तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, याचा उपयोग काय. दिवाळीला फोन केला की मी त्यांना आमच्या कामातलं काहीबाही सांगायची. त्या लक्ष देऊन ऐकायच्या, आणि फोन ठेवताना दर वेळी विचारायच्या, “हात कसा आहे?”

गेल्या वर्षी त्यांच्या भाच्याचा फोन आला. “आत्याचं स्कॅन सांगितलंय. ती म्हणते, तुमच्याकडेच करायचं.”

मला तेव्हा सहावा महिना होता. गरोदर बाईला आमच्याकडे इंजेक्शनच्या खोलीत जाऊ देत नाहीत, रुग्णाजवळही जाऊ देत नाहीत, कारण इंजेक्शननंतर काही तास त्याच्या अंगातून किरण बाहेर पडत असतात. त्यामुळे मॅडमना सुई टोचली दुसऱ्याच मुलीनं. मी जाड काचेच्या अलीकडे संगणकापुढे बसून होते. त्या मशीनमध्ये सरकल्या. पडद्यावर एकेक चित्र उमटू लागलं. मी रोज तीच चित्रं बघते, मला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. पोटात होतं आणि मणक्यातही गेलं होतं.

नंतर त्या वेगळ्या खोलीत बसल्या होत्या. मी दारात गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि हात वर केला.

“तिथेच थांब. आत पाऊल टाकू नकोस.”

“मॅडम, एक मिनिट तर—”

“मी शिकवलेलं मलाच सांगू नकोस. तिथे खुर्ची आहे, बस.”

मी दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले. खोली लांबलचक होती, त्या पलीकडच्या टोकाला. चित्रात काय दिसलं ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलं, “बोटं वळतात का?”

“नाही. सवय झाली आता.”

“बाळाला कसं धरशील?”

“धरीन, मॅडम. एवढं काही अडत नाही.” आणि मग इतक्या वर्षांचं तोंडातून निघालं. “तुम्ही ते सोडून द्या ना आता. माझ्या मनात तुमच्याबद्दल कधीच काही नव्हतं.”

“माहीत आहे. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.”

“आणि माझ्यामुळे तुमचं सगळं बंद झालं, त्याचं काय? मी जरा नीट बघून सायकल चालवली असती, मैत्रिणीकडेच थांबले असते, तर ती खोली उघडी राहिली असती. पुढच्या मुलींना मिळालं असतं. मला रोज वाटतं ते.”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या मनात असं काही असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

“वेडी आहेस का?” त्या म्हणाल्या. “तुझा त्यात काय दोष? अंधार होता, जनावर आलं. त्याला तू काय—” आणि त्या थांबल्या. स्वतःच्या तोंडून काय निघतंय ते त्यांना ऐकू आलं.  त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “दोघी सारख्याच मूर्ख.”

भाचा गाडी घेऊन आला. मी पाया पडायला उठले, तर त्यांनी पुन्हा हात वर केला. मी दारातूनच हात जोडले. त्या भिंतीच्या कडेकडेनं, माझ्यापासून जमेल तितक्या लांबून, दुसऱ्या दारानं बाहेर गेल्या.

बाळंतपणाला मी पिंपळवंडीला आले. मुलगी झाली. तिला घेऊन मंचरला जायचं मी ठरवलं होतं, पण बाळंतिणीला इतक्यात कोण घराबाहेर पडू देणार. मॅडमना फोन केला, तर भाचा म्हणायचा, आत्या झोपली आहे. पुढे मी फोन केला की तो उचलला जाईना, आणि बाळाच्या धावपळीत माझंही लक्ष राहिलं नाही.

मॅडम गेल्याचं मला दीड महिन्यानं कळलं. आईनंच सांगितलं. “ओल्या बाळंतिणीला असलं सांगत्यात व्हय? दूध आटलं असतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मी गेले व्हते मंचरला. त्याच दिशी.”

“तू? काय बोललीस तिथं?”

“काय बोलायचं? बसले त्यांच्याजवळ.”

तेव्हा मला आठवलं. बारशाच्या आदल्या दिवशी आई बाळाचे वाळे आणायला म्हणून बाजारात गेली होती. दुपारी उशिरा आली ती थेट मागच्या नळाखाली, लुगड्यानिशी अंघोळीला. मी विचारलं तर म्हणाली, लई धूळ व्हती. दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी नवी साडी नेसून पाळण्यापाशी बसले होते आणि सगळ्यांना घुगऱ्या वाटा म्हणून सांगत होते. आई पाळणा म्हणत होती. मध्येच तिचा आवाज अडला आणि ती गप्प झाली. मी हसून तिला म्हटलं, “काय गं आई, शब्द विसरलीस?”